पेशंट तुम्हीच आणा, नंबरही तुमचाच द्या

पोस्ट लांब आहे, निवांत वाचा.

परवा रात्री साडेदहाला एका मुलीचा फोन आला. आपल्याच तालुक्यातली आहे, डेंटल हायजिनिस्टच्या कोर्सला दुसऱ्या वर्षाला. तिच्या वडिलांची अन् माझी जुनी ओळख, म्हणून मला काका म्हणते. कॉलेज कोणतं ते लिहिणार नाही, आणि कमेंटमध्ये कोणी अंदाज बांधत बसू नका. नुकसान पोरीचं होईल.

"काका, एक पेशंट आहे. दात साफ करायले आलता. पयले गुड मॉर्निंग पाठवे, मंग 'जेवली का' विचारे. आता रोज रात्री फोन करते. उचलला नाही तं चार-चार वेळा करते."

मी म्हटलं, मग ब्लॉक कर. यात विचारायचं काय?

"ब्लॉक नाही करता येत ना काका. त्याची दुसरी सिटिंग बाकी आहे. तो आलाच नाही तं माही केस अर्धी राहते, मंग सही भेटत नाही."

तिला धीर देऊन फोन ठेवला, पण मला काही झोप लागली नाही. वीस वर्षं झाली, नांदगाव खंडेश्वर तालुक्यात बातमीदारी करतो. पीकविमा, पाणंद रस्ते, सोयाबीन खरेदीच्या रांगा, सगळं लिहून झालं. एका सहीसाठी पोरीला असल्या माणसाचा फोन सहन करावा लागतो, ही भानगड मात्र मला माहीत नव्हती. म्हणून दोन दिवस विचारपूस केली. दाताचं शिकणारी पाच-सहा मुलं-मुली, शिकवून रिटायर झालेले एक सर आणि दवाखाना चालवणारे दोन डॉक्टर यांच्याशी बोललो. त्यातून जे समजलं ते लिहितो.

दाताचं शिक्षण नुसतं पुस्तकावर होत नाही. बीडीएसचा विद्यार्थी तिसऱ्या वर्षापासून खऱ्या माणसाच्या तोंडात हात घालतो, चार वर्षं झाल्यावर वर्षभर इंटर्नशिप करतो. हायजिनिस्टचा कोर्स दोन वर्षांचा. दोघांकडेही एक वही असते. इतक्या सफाया, आणि बीडीएसवाल्याला वरून इतकी भरणी, इतके दात काढणे, इतक्या कवळ्या. काम पुरं झालं की सर तपासतात आणि सही करतात. वही भरली नाही तर पुढे अडचण. मुलं याला सरळ 'कोटा' म्हणतात.

आता पेशंट आणायचे कुठून? जिथं ओपीडी सकाळपासून तुडुंब भरते तिथं हा प्रश्न कमी. पण जिथं पेशंट थोडे अन् पोरं जास्त, तिथं एक दिवस कानावर येतं, "बघा बाबा तुमचं तुम्ही." मग पोरं बघतात. आधी आई-बाप, मग मेसवाली मावशी, रूमचा मालक, ऑटोवाला, पानठेल्यावर उभा राहणारा कोणीतरी. एसटीचं भाडं द्यायचं, चहा-नाश्ता द्यायचा. आणि स्वतःचा मोबाईल नंबर द्यायचा, कारण पुढच्या तारखेला माणूस आला नाही तर हाक मारायची कुणी? एका मुलानं सांगितलं, कवळीसाठी एका आजोबांना पाच वेळा आणावं लागलं, दरवेळी खिशातून पैसे घातले, आणि पाचव्या वेळी आजोबा म्हणाले, "आता शंभर वाढव बाप्पा, तुले बी तं गरज हाये." तो हसत सांगत होता. आजोबांना मी नावं ठेवत नाही. त्यांनी बरोबर ओळखलं होतं की या व्यवहारात अडलेला कोण आहे.

डॉक्टर आणि पेशंट यांच्यात एक अंतर असायला पाहिजे, असं पुस्तकात शिकवतात. नैतिकतेचा एक धडा असतो, त्यावर परीक्षेत प्रश्नही येतो. पण हे अंतर उपदेशानं राहत नाही. ते राहतं तेव्हा, जेव्हा मधे संस्था उभी असते. पेशंट कॉलेजच्या दवाखान्याचा असतो, तारीख दवाखाना देतो, फोन दवाखाना करतो, पैसे लागले तर दवाखाना देतो. विद्यार्थिनीचं काम खुर्चीजवळ सुरू होतं आणि खुर्चीजवळ संपतं. ही मधली भिंत काढून टाकली, पोरीला भाडं देऊन पेशंट आणायला लावला, तिचा खाजगी नंबर त्याच्या हातात दिला, तर तो तिच्यावर उपकार करतोय असंच त्याला वाटणार. आणि उपकार करणारा माणूस हक्क सांगतोच, हे आपल्या गावात कुणाला नव्यानं सांगायला नको.

कोणी म्हणेल, एखादा माणूस नालायक निघाला त्याला कॉलेज काय करणार? नालायक माणसं सगळीकडे असतात. बँकेत येतात, तहसीलमध्ये येतात. पण बँकेतली कॅशियर मुलगी ग्राहकाला घरचा नंबर देत नाही आणि तो उद्या आला नाही म्हणून तिचं प्रमोशन अडत नाही.

आता दुसरी बाजू. ती पेशंटची आहे आणि माझ्या घरातलीच आहे.

माझी काकू, म्हणजे सख्खी चुलती, साठ पार. तंबाखूनं दात घासायची जुनी सवय. गावातल्या एका ओळखीच्या मुलीनं तिला मागच्या दिवाळीनंतर नेलं, दोन एसटी बदलून. 2023 पासून बायांना एसटीत अर्धं तिकीट आहे, म्हणून तेवढं सोपं गेलं. "दात फुकटात साफ करून देतो काकू, चाला." काकू गेली. संध्याकाळी परत आली तर वरचे दात लखलखीत अन् खालचे जसेच्या तसे पिवळे. मी विचारलं, हे काय? म्हणे, "वरचे तिनं केले. खालचे दुसरीचे हायेत, तिले गुरुवारी येऊ दे म्हणे."

मला आधी समजलंच नाही. नंतर समजलं. एक तोंड, दोन मुलींचा कोटा. वरचा जबडा एकीच्या वहीत, खालचा दुसरीच्या वहीत. दोघींना सही मिळणार. काकूची एक दिवसाची मजुरी बुडणार, तीही कापूस वेचणीच्या दिवसांत.

काकूला शुगर आहे. शुगर असली की हिरड्या लवकर खराब होतात, जखम उशिरा भरते, त्यामुळे हात लावायच्या आधी हे विचारायचंच असतं. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, हृदयाचं काही दुखणं आहे का, हेही. मी विचारलं, काकू, तुला काही विचारलं का? म्हणे, "कागदावर अंगठा घेतला." कागद इंग्रजीत होता, खुणा आधीच केलेल्या. म्हणजे मुलीनं प्रामाणिकपणे सगळं भरलं, फक्त काकूला न विचारता.

त्या मुलीचा मला राग नाही आला. ती दमलेली होती, काकू सांगते, सकाळपासून जेवलेली नव्हती. हात मात्र हलका होता. "लय जपून केलं पोरीनं," असं काकूच म्हणते. त्याच मुलीला दिवसभरात एकच काकू दिली असती आणि काकूशी अर्धा तास बोलायला लावलं असतं, तर तिनं शुगर विचारली असती, तंबाखू विचारली असती, गालाच्या आत पांढरा चट्टा आहे का ते बघितलं असतं. पण बोलण्याला वहीत रकाना नाही.

इथं थोडं थांबून कायद्याचं सांगतो. आपल्याकडे 1948 साली दंतवैद्यक कायदा झाला. त्यात डेंटल हायजिनिस्टची व्याख्या दिली आहे. डॉक्टर नसलेली, पण दात खरवडून साफ करणारी, चकचकीत करणारी किंवा दातांची निगा कशी राखायची ते शिकवणारी व्यक्ती. शिकवणं कायद्याच्या व्याख्येतच आहे, मशीन चालवण्याच्या बरोबरीनं. ज्या देशात हे पद जन्मलं तिथं तर ते शिकवण्यासाठीच जन्मलं. अमेरिकेत ब्रिजपोर्ट नावाच्या गावी आल्फ्रेड फोन्स नावाच्या दंतवैद्यानं 1906 साली आपल्या दवाखान्यातल्या आयरीन न्यूमन या मदतनीस बाईला दात साफ करायचं शिकवलं, आणि 1913 मध्ये अशा बायांची शाळाच काढली. त्या बाया शाळांमध्ये जाऊन मुलांचे दात साफ करायच्या आणि दात कसे घासायचे ते शिकवायच्या. आपल्याकडे कायदा होऊन पंचाहत्तर वर्षं उलटली, 2023 मध्ये संसदेनं राष्ट्रीय दंत आयोगाचा नवा कायदाही केला. पण नांदगावच्या बसस्टँडवर उभं राहून शंभर माणसांना विचारा, डेंटल हायजिनिस्ट म्हणजे कोण? 'दाताची नर्स' म्हणतील, किंवा 'दाताची डॉक्टरीण'.

हा घोळ साधा नाही. गावात एकदा पोरगी 'डॉक्टरीण' झाली की रात्री फोन येतात, "बेटा, दाढ ठणकते, गोळी सांग." ती डॉक्टर नाही, तिला औषध लिहून द्यायचा अधिकार नाही. नाही म्हटलं तर "मोठी शायनी झाली" आणि सांगितलं तर उद्या काही उलटं झालं म्हणजे गळ्यात. तिचा नंबर सगळ्यांकडे आहे, कारण कोट्यासाठी तिनंच वाटला होता.

आणि आपल्या विदर्भात तर हे बोलणं फारच गरजेचं. गुटखाबंदी 2012 ला झाली, खर्रा कुठं बंद झाला? सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून घोटून तेरा-चौदा वर्षांची पोरं गालात दाबतात. सुपारीनं गाल आतून ताठ होत जातात, तोंड उघडणं कमी होतं. स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का बघा, जात नसतील तर डॉक्टरकडे जा. हे कॅन्सरच्या आधीचं दुखणं आहे. दात साफ करायला आलेला खर्रेवाला पेशंट म्हणजे हायजिनिस्ट मुलीसाठी खरं तर पंधरा मिनिटांची सोन्यासारखी संधी. माणूस खुर्चीत आडवा आहे, तोंड उघडं आहे, कुठं पळू शकत नाही! पण ती मुलगी घड्याळाकडे बघते, कारण बाहेर तिनं भाडं देऊन आणलेला दुसरा बसला आहे आणि सर एक वाजता उठतात.

फोटोचं तर विचारूच नका. काम करायच्या आधीचा आणि नंतरचा फोटो काढायचा असतो, शिकण्यासाठी तो लागतो, ठीक. काकूचा फोटो मात्र तिसऱ्या दिवशी आमच्या पुतण्याला कुणाच्या तरी व्हॉट्सअॅप स्टेटसवर दिसला. खाली लिहिलं होतं 'बिफोर-आफ्टर', वर दोन हसरे चेहरे. चेहरा झाकला होता म्हणे. पण हनुवटीवरचं गोंदण दिसत होतं, आणि काकूचं गोंदण अख्खं गाव ओळखतं. "पिवळे दात गावाले दाखवले माहे," एवढंच बोलली ती. खालचे दात साफ करायला गुरुवारी गेली नाही. आजपर्यंत गेलेली नाही.

दात साफ करायला होकार देणं म्हणजे फोटोला होकार देणं नव्हे. 2008 साली सर्वोच्च न्यायालयानं समीरा कोहली प्रकरणात हेच सांगितलं होतं, फार मोठ्या गोष्टीसंदर्भात. तपासणीसाठी बेशुद्ध केलेल्या बाईची तिला न विचारता गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया केली होती. एका गोष्टीची परवानगी दुसऱ्या गोष्टीला चालत नाही. फुकट पेशंटला हा नियम लागू नाही असं न्यायालयानं कुठं म्हटलेलं नाही.

आणि 'फुकट' हा शब्द जरा जपून वापरा. माझ्या काकूनं त्या दिवसाची मजुरी सोडली, आठ तास घालवले, आणि शिकणाऱ्या हाताला आपलं तोंड दिलं. त्या तोंडावर एक मुलगी शिकली, उद्या ती नोकरी करेल, पैसे कमवेल. चांगलंच आहे. पण मग उपकार कुणी कुणावर केले?

मी बोललो त्या रिटायर सरांनी मला चांगलंच झापलं. ते म्हणाले, "तुम्ही पत्रकार लोक, कोटा काढा म्हणाल. उद्या वीस दात साफ न करता पास झालेली मुलगी तुमच्या काकूच्या हिरडीत हत्यार घालेल, चालेल का?" नाही चालणार. सरांचं बरोबर आहे. हात बसायला आकडा लागतोच. दगडासारखा बसलेला थर काढायचा आणि हिरडीला इजा होऊ द्यायची नाही, हे दहा वेळा केल्याशिवाय जमत नाही. कोटा काढा असं मी म्हणतच नाही. कोट्यासाठी पेशंट आणायची जबाबदारी अठरा-वीस वर्षांच्या पोरांवर टाकू नका, एवढंच म्हणतो. परवानगी कॉलेजची, खुर्च्या कॉलेजच्या, फी कॉलेज घेतं. मग पेशंट आणायचं काम तेवढं पोरांचं का?

करता येण्यासारखं आहे, आणि त्यात फार खर्चही नाही. एक मोबाईल घ्या दवाखान्याच्या नावाचा, एक माणूस बसवा, तारखा त्याच फोनवरून द्या. विद्यार्थ्यानं पेशंटला खाजगी नंबर द्यायचा नाही असा लेखी नियम करा, म्हणजे पोरीला नाही म्हणायला आधार मिळतो. "सर रागावतात" हे वाक्य आपल्याकडे "मला नाही आवडत" पेक्षा जास्त चालतं, काय करणार! पेशंट यायचा थांबला तर त्याची शिक्षा विद्यार्थ्याला नको, दुसरा पेशंट द्या. एका माणसाचं तोंड वाटून घेऊ नका. परवानगीचा कागद मराठीत करा आणि वाचून दाखवा. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस मुलांना सरांसोबत बसवा. पेशंट इथंच आहेत, ढिगानं आहेत, एसटीनं आणायची गरजच नाही. आणि वहीत आणखी एक रकाना टाका, पेशंटशी काय बोललात त्याचा.

त्या फोनवाल्या माणसाबद्दलही कायदा गप्प नाही. 2013 चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा फक्त साहेब आणि सहकारी यांच्यापुरता आहे असा लोकांचा समज आहे. तसं नाही. कामाच्या ठिकाणी संपर्कात येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासूनही बाईला सुरक्षित ठेवणं ही त्या संस्थेची जबाबदारी आहे, हे कायद्यात लिहिलेलं आहे, आणि प्रशिक्षणार्थीही त्यात येते. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं अंतर्गत समिती पाहिजेच. मी त्या मुलीला विचारलं, तुमच्याकडे समिती आहे का? म्हणे, "बोर्ड लावलाय काका, जिन्यापाशी." तक्रार करशील का? बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "केली तं सर म्हणतील, पेशंट तूच आणलता ना."

बघा म्हणजे. आणायला लावलं कुणी, आणि आणला कुणी!

आता दोन शब्द आपल्या लोकांना, कारण कॉलेजला शिव्या देऊन आपण सुटत नाही. खुर्चीत झोपलेल्या माणसाच्या तोंडापासून वीतभर अंतरावर त्या मुलीचा चेहरा असतो. ते तिचं काम आहे. ती "दुखतं का जी?" असं प्रेमानं विचारते, तेही तिचं काम आहे. त्यातून तुम्ही भलतं काही समजून घेतलं तर चूक तुमच्या डोक्यात आहे. तुमच्या मुलीच्या वयाची आहे ती. दात साफ झाल्यावर दोन-चार दिवस थंड पाणी झणझणेल, फटी मोठ्या झाल्यासारख्या वाटतील, कारण तिथं बसलेला दगड निघाला आहे. त्यानं दात हलत नाहीत. तरी शंका आली तर दवाखान्यात जा, मुलीला रात्री फोन करू नका. बाईमाणसाला तपासताना सोबत घरची बाई बसली पाहिजे असं वाटलं तर मागा, तो तुमचा हक्क आहे. आणि शिकणारी मुलगी काम करणार आहे की डॉक्टर, हे आधीच विचारा. विचारलं म्हणून कोणी हाकलून देत नाही.

इतकं लिहिल्यावर नेहमीचे दोन-तीन जण कमेंटमध्ये येतील की अमक्या संस्थेला बदनाम करायला लिहिलं, निवडणूक आली म्हणून लिहिलं. मी एकाही संस्थेचं नाव घेतलेलं नाही. टोपी कुणाला बसत असेल तर त्यानं घालावी.

ज्यांच्या मुली-मुलं दाताचं, नर्सिंगचं, फिजिओथेरपीचं शिकतात त्यांनी एकदा घरी विचारा, पेशंटकडे तुझा नंबर आहे का, आणि कुणी दिला. मला इनबॉक्सला कळवा. नाव कुठंही येणार नाही. वीस-पंचवीस अनुभव जमले की त्याचं निवेदन करून नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला पाठवणार आहे, कुलगुरूंच्या नावानं, पोच घेऊन.

त्या मुलीच्या पेशंटची दुसरी सिटिंग येत्या गुरुवारी आहे. तिच्या बापाला मी सगळं सांगितलं. आधी पोरीवरच भडकला, मग शांत झाला. गुरुवारी तो आणि मी दोघं जाणार आहोत, बाहेरच्या बाकावर बसणार आहोत. सही झाली की तो नंबर ब्लॉक करायचा, असं पोरीनंच ठरवलं आहे.